विमान चुकलं तर कोणाचं?

ऑफिसात कुणाचं ऑनसाइट ठरलं की पहिले दोन दिवस अभिनंदनाचे आणि तिसऱ्या दिवसापासून चर्चा तिकिटांची. थेट विमान महाग, एक थांबा घेतला तर स्वस्त. मग स्क्रीनवर ते स्वस्त तिकीट दिसतं, आणि खाली बारीक अक्षरात: लेओव्हर १ तास १५ मिनिटं. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "घे रे, पळत जायचं!" दुसरा म्हणतो, "तीन तासांच्या खाली मी बघतच नाही."

माझं मत विचाराल तर दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. लेओव्हर किती मिनिटांचा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, विमान चुकलंच तर ते कोणाचं चुकलं? तुमचं की एअरलाइनचं?

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर उत्तर सोपं आहे. प्रत्येक विमानतळाची 'किमान कनेक्शन वेळ' ठरलेली असते आणि त्याहून कमी वेळाचं कनेक्शन एका तिकिटावर विकलं जात नाही. व्हिएन्नाला ती २५ मिनिटांपर्यंत खाली येते, फ्रँकफर्टला साधारण ४५. म्हणजे सव्वा तास हा आकडा काही वेडेपणाचा नाही. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवणं ही त्यांची जबाबदारी. युरोपात तर कायदाच आहे. २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार कंपनीच्या दोषामुळे शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. कनेक्शन चुकून झालेला उशीरही यात धरायचा, असं युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. मात्र हे युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या विमानांना, किंवा तिथल्या कंपनीने तिकडे जात असाल तरच. आखाती कंपनीने मुंबई-दोहा-पॅरिस केलंत तर हा नियम विसरा.

आता दुसरा प्रकार, दोन वेगळी तिकिटं. 'सेल्फ ट्रान्सफर' असं गोंडस नाव देऊन साइट्स हे विकतात. इथे दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही उशिरा आलेले प्रवासी नाही, तुम्ही आलाच नाहीत! तिकीट बुडालं. शिवाय बॅग सहसा शेवटपर्यंत जात नाही. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं, म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी हवी. भारतीय पासपोर्टवर बऱ्याच ठिकाणी याचा अर्थ आधी काढलेला व्हिसा. त्यातून काही वेळा दोन विमानतळच वेगळे असतात: हीथ्रोला उतरा आणि गॅटविकहून उडा. इथे वाचलेले १५ हजार ही बचत नाही मंडळी, तो विम्याचा हप्ता आहे. फक्त विमा कंपनी तुम्हीच!

बरं, एकच तिकीट घेतलं. आता मिनिटं मोजू. पंच्याहत्तरपैकी मागच्या रांगेतून बाहेर पडायला १५ गेली. पुढच्या विमानाचं गेट सुटायच्या १५-२० मिनिटं आधी बंद होतं. उरली ४०. भारतातून गेलेल्यांची बहुतेक हबवर पुन्हा सिक्युरिटी तपासणी होते, ती याच ४० मिनिटांत. म्हणून सीट शक्यतो पुढची घ्या, दोन्ही बोर्डिंग पास इथूनच घ्या आणि काउंटरवर बॅगेचा टॅग वाचा, शेवटच्या शहराचा कोड आहे ना बघा.

यापुढचं गणित इमिग्रेशन कुठे होतं त्यावर. दुबई-दोह्याला एका तिकिटावर फक्त विमान बदलायचं असेल तर तिथे इमिग्रेशन नाही. फ्रँकफर्टहून रोमला जात असाल तर शेंगेनचा शिक्का... चुकलो, शिक्का नाही, आता बोटांचे ठसे आणि फोटो, तेही फ्रँकफर्टलाच. ही नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आली. तिथे सव्वा तास मला कमी वाटतो. अमेरिकेत तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, आणि टॅग शेवटपर्यंतचा असला तरी सर्वसाधारणपणे बॅग पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्समधून न्यायची, परत द्यायची, मग पुन्हा सिक्युरिटी. तिथे तीन तासांच्या खाली जाऊ नये. अपवाद अबू धाबीचा. २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, त्यामुळे वेळ अबू धाबीला जास्त ठेवायचा आणि अमेरिकेत कमी ठेवला तरी चालतो. तेवढेच तास, फक्त योग्य ठिकाणी.

आणि एक प्रश्न तिकीट काढण्याआधी हमखास विचारा: हे चुकलं तर पुढचं विमान कधी? दिवसाला तीन विमानं असतील तर सव्वा तास बिनधास्त घ्या. आठवड्याला तीन असतील तर नको. आपण कोड लिहिताना टाइमआऊट झाला तर रिट्राय कसा करायचा हे आधी ठरवतो, मग तिकिटाला वेगळा न्याय का?

आता खरा मुद्दा. आपण एकटे, पाठीवर सॅक, तिशीतले गुडघे. आपण पळू. पण हाच फिल्टर लावून, 'स्वस्त आधी' करून, आपण आई-बाबांचं तिकीट काढतो. नातवंडासाठी पहिल्यांदाच परदेशी निघालेली माणसं. व्हीलचेअर मागवतो, बऱ्याचदा गुडघ्यांपेक्षा बोर्डावरच्या इंग्रजीसाठी. आणि व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सहसा सगळ्यात शेवटी उतरवतात, हे गणितात धरत नाही. पुढे मदतनीस त्यांना रांगांमधून लवकर नेतो हे खरं, पण तो येईपर्यंत घड्याळ थांबत नाही. पैसे वाचतात आपले, जीव टांगणीला लागतो त्यांचा. आणि चुकलं तर "आमच्यामुळे तुला त्रास" हेही तेच म्हणणार.

म्हणून माझा नियम साधा आहे. स्वतःसाठी सव्वा तास, एका तिकिटावर, मागे दुसरं विमान असेल तर खुशाल. आई-बाबांसाठी एकच तिकीट, एकच थांबा, निदान तीन तास, आणि इमिग्रेशन शक्यतो शेवटच्या विमानतळावर, जिथे दाराबाहेर आपण उभे असू. दहा हजार जास्त गेले तर जाऊ देत. धोका पत्करायचा तर तो स्वतःच्या नावावरच्या तिकिटावर.