उंदराचें पोट व शेतकऱ्याची घाई

हरभरा घाटे धरूं लागला कीं बांधाकडेला नवीं बिळें दिसूं लागतात आणि शेतकरी बाजाराच्या दिवशीं विषाची पुडी घेऊन येतो. चिखली-मेहकर भागांत आम्ही हें वर्षानुवर्षें पाहत आलों. आम्हींही तेंच केलें. पहिल्या रात्रीं पांचसहा उंदीर मेले. चौथ्या रात्रीं आमिष जसेंच्या तसें! विषांत भेसळ आहे असें म्हणून आम्हीं दुकानदारास बोल लावला. चूक आमची होती, हें पुढें वाचनांत आलें.

उंदरास ओकतां येत नाहीं. म्हणून नवें खाद्य तो प्रथम किंचित् चाखतो व पोट काय सांगतें याची वाट पाहतो. हें पोटाचें सांगणें केवळ अलंकारिक नव्हे. जठर व आंतडीं यांतून कांहीं सूक्ष्म द्रव्यें निघून रक्तावाटे व मज्जातंतूंवाटे मेंदूस निरोप पोंचवितात. १९७३ सालीं अमेरिकेंत गिब्ज, यंग व स्मिथ यांनीं त्यांपैकीं कोलेसिस्टोकायनिन उपाशी उंदरांस टोचलें, तेव्हां त्यांनीं खाणें लवकर आटोपलें. घ्रेलिन याच्या उलट. तें १९९९ सालीं जपानांत कोजिमा व कांगावा यांस उंदराच्याच जठरांत सांपडलें. तें टोचलें असतां धालेला उंदीरही पुन्हां खाऊं लागतो. पोट बिघडल्याची वर्दीही अशीच मेंदूस जाते, आणि ती चव उंदीर सहसा विसरत नाहीं.

झिंक फॉस्फाईड कांहीं तासांतच पोटांत जाचूं लागतें. अपुरी मात्रा खाऊन वांचलेला उंदीर त्या आमिषास पुन्हां शिवत नाहीं. याकरितां आधीं दोनतीन दिवस ज्वारीचा भरडा थोडें तेल लावून बिनविषाचाच ठेवावा. उंदीर निर्धास्त झाला म्हणजे त्याच भरड्यांत शेंकडा दोन भाग विष मिसळावें. ब्रोमॅडिओलोन कांहीं दिवसांनीं मारतें, म्हणून उंदरास त्याचा संशय येत नाहीं व तेथें ही पूर्वतयारी लागत नाहीं. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाहीं. उरलेलें आमिष पोरांच्या व गुरांच्या वाटेंतून काढून खोल पुरावें.

शत्रूस दोन दिवस फुकट जेवण कशाला, असें आमचे बंधू विचारतात. तो रोजच जेवतो आहे! कचेरींत पैसेवारीचे कागद लिहितांना उंदराचा वांटा कोणत्या रकान्यांत घालावा, हें आम्हांस शेवटपर्यंत कळलें नाहीं. मात्र एकट्यानें हें करून उपयोग थोडा. शेजारच्या शेतांतून नवे येतात. सर्व शिवारानें एकाच आठवड्यांत करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. यंदा आमच्याकडे बारा खातेदारांनीं कबूल केलें आहे. तिघे अद्याप राजी नाहींत, व त्यांचीं शेतें नेमकीं मध्यभागीं आहेत.