बंब परत आल्यावर

दिवाळीच्या चार दिवसांत आपण फराळाची ताटे घेऊन शेजारीपाजारी हिंडत असतो, तेव्हा गावात एक जागा अशी असते की जिथली माणसे पायांतले बूट न काढता बसलेली असतात. ती म्हणजे अग्निशमन केंद्र. वऱ्हाडात दिवाळी आणि कापूस एकाच सुमारास दाराशी येतात. एखादा बाण जिनिंगच्या आवारात किंवा कडब्याच्या गंजीवर पडायचा अवकाश, की निघालाच बंब! तो जाताना आपण सारे गॅलरीत धावतो. परत येताना मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. यंदा या सदरात त्या परत येणाऱ्या बंबाविषयी लिहावे, असे मनात आले.

त्याला कारण घडले ते वांग्याचे भरीत. अकोल्यात आमच्या शेजारी अशाच कामावरचा एक तरुण राहतो. त्याची बायको एके दुपारी आमच्या घरात येऊन मुळूमुळू रडू लागली. तिने तुराट्यांवर वांगी भाजली, तर हा ताटावरून उठून चालता झाला! वऱ्हाडी माणसाने भरीत टाकून उठावे, म्हणजे संसारात काहीतरी भलतेच शिजत असणार, असा तिचा आणि आमच्या सौभाग्यवतींचा एकमताने निष्कर्ष निघाला. मी त्याला संध्याकाळी गच्चीवर गाठले. बराच वेळ तो पावसापाण्याचेच बोलला. मग म्हणाला, “काकाजी, आग इझली का लोकाईले वाटते झालं. आमची तं घरी आल्यावर लागते.” एका जळालेल्या गाडीतून त्याने माणसे बाहेर काढली होती. तेव्हापासून जळक्या सालीचा वास आला की त्याला ती गाडी दिसे. बायकोला सांगावे तर ती घाबरेल, आणि सोबत्यांना सांगावे तर, “पोट्टे हासतात नं!”

आपल्या भागाने अलीकडे असे प्रसंग थोडे पाहिलेले नाहीत. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 जण बुडाले; शोध काही दिवस चालला होता. 9 एप्रिल 2023 च्या रात्री बाळापूर तालुक्यातल्या पारस येथे वादळात भले मोठे कडुलिंबाचे झाड देवळापुढच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले व 7 भाविक गेले. त्याच वर्षी 1 जुलैला, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसने पेट घेतला आणि 25 प्रवासी जळून मेले. हे आकडे आपण चहाबरोबर वाचले. पण त्या पंचवीसांना कोणीतरी आपल्या हातांनी बाहेर काढले असेलच ना? पिंजरचे संत गाडगेबाबा आपत्कालीन पथक तर धरणा-नद्यांच्या तळाशी बुडी मारून बुडालेल्यांना वर आणते, आणि तेही स्वयंसेवक म्हणून.

मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. जे जिवंत परतले, त्यांच्या पुढच्या रात्री कशा गेल्या, हे मात्र माझ्या वाचनात कुठे आलेले नाही.

हा भित्रेपणा नव्हे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि पुष्कळांना ते सोंग वाटे. 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला आजारांच्या यादीत रीतसर स्थान दिले. मराठीत आघातोत्तर ताण म्हणता येईल. संकटात मेंदू वास, आवाज, उजेड असे सारे धोक्याच्या खुणा म्हणून टिपून ठेवतो, आणि पुढे निरुपद्रवी वांग्याच्या सालीनेही धोक्याची घंटा वाजते. झोप उडते, माणूस चिडखोर होतो, घरात असून नसल्यासारखा वागतो. बहुतेकांचे हे काही आठवड्यांत आपोआप ओसरते. महिना उलटूनही ओसरले नाही, तर मात्र डॉक्टर गाठावा.

आता एक चमत्कारिक गोष्ट. 1983 मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी, जे स्वतः अग्निशमन दलात काम केलेले होते, अशी पद्धत सुचवली की दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून मन मोकळे करायला लावावे. कल्पना इतकी पटण्याजोगी, की जगभर पसरली. पुढे चाचण्या झाल्या, तेव्हा असे दिसले की एकाच बैठकीत सारे वदवून घेतल्याने आजार टळत नाही. काहींचा तर वाढतो. 2005 साली ब्रिटनच्या आरोग्यसंस्थेने हा प्रकार नकोच, असा स्पष्ट सल्ला दिला. तेव्हा घरातल्या मंडळींनी “सांग, काय काय पाहिलेस?” म्हणून खनपटीला बसू नये, हे बरे. अंघोळीला पाणी, गरम जेवण, झोप, आणि बोलावेसे वाटले तर ऐकणारे कोणी, एवढे पहिल्या आठवड्यात पुष्कळ झाले. दारूने झोप येते असे या लोकांत मानतात. तिने रोग बळावतो.

आमच्या शेजाऱ्याला तीन महिने होऊन गेले होते. “मी का येडा झालो?” म्हणून त्याने सर्वोपचार रुग्णालयात यायचे साफ नाकारले. शेवटी बायकोने युक्ती केली. आपल्यालाच झोप लागत नाही, असे सांगून तिने त्याला सोबत नेले आणि डॉक्टरांपुढे त्यालाच पुढे केले! आता त्याच्या खेपा चालू आहेत. भरीत अजून बंद आहे.

ज्याला रुग्णालयाची पायरी चढवत नाही, त्याच्यासाठी सरकारने 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस हा फोन ठेवला आहे: 14416, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही. पण माझे म्हणणे आणखी थोडे आहे. बंब परतला की होज वाळत घालतात, टाकी भरतात, वहीत नोंद करतात. अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिकांनी त्याच वहीत एक रकाना वाढवावा: मोठ्या दुर्घटनेवर गेलेल्या प्रत्येक जवानाची महिन्याने डॉक्टरांशी गाठ. सगळ्यांचीच, म्हणजे कुणाला हसायला जागा उरणार नाही. 108 रुग्णवाहिकेच्या चालकांना आणि पिंजरच्या पोरांनाही त्यात धरावे. शाई फार लागणार नाही.