आधी मोजणी, मग मांडणी

युरेनियम आणि थोरियमचा शोध घेणाऱ्या अणुखनिज संचालनालयाचे मध्य विभागीय कार्यालय नागपुरात आहे, हे किती नागपूरकरांना ठाऊक असेल? जमिनीखालचे युरेनियम शोधायला येथून माणसे बाहेर पडतात, आणि एम.एस्सी.च्या वर्गात मात्र ते फळ्यावरच्या एका चिन्हापलीकडे जात नाही. विद्यार्थी विखंडनाची समीकरणे घडाघडा लिहितो, पण फुटलेल्या अणुकेंद्राची खूण त्याने सहसा पाहिलेली नसते. ती पाहणे खरोखरच आपल्या आवाक्याबाहेरचे आहे का? मला तसे वाटत नाही.

विखंडन म्हटले, की न्यूट्रॉन आठवतो. पण जड अणुकेंद्र नुसत्या गॅमा किरणांनीही फुटते. नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये विखंडनाचा सिद्धांत मांडताना ही शक्यता वर्तवली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत युरेनियम आणि थोरियमवर ती खरी ठरली. अभ्यासकाला हा मार्ग सोयीचा. न्यूट्रॉन आत शिरला, की मूळ अणुकेंद्रच बदलते. प्रकाशकण फक्त ऊर्जा देतो. त्यामुळे फुटण्यासाठी ऊर्जेचा केवढा बांध ओलांडावा लागतो, हे तपासता येते. थोरियमच्या बाबतीत तो सुमारे ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे.

एवढ्या ऊर्जेचे किरण म्हणजे काही नवलाई नव्हे. कॅन्सरच्या रुग्णालयातले किरणोपचाराचे यंत्र वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आदळवून असेच किरण निर्माण करते. नवी मुंबईत खारघरला १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अ‍ॅक्सिलरेटर यंत्र आहे. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अशा विखंडनाची मोजमापे केली आहेत. मंगळूर विद्यापीठातल्या लहानशा मायक्रोट्रॉननेही हे काम केले आहे.

यावर कोणी म्हणेल, की घरोघरी संगणक असताना मोजण्याची यातायात कशाला? नेमका हाच भ्रम घातक आहे. गणिती प्रतिमानात बांधाची उंची आणि रुंदी भरावी लागते, आणि ते आकडे शेवटी मोजमापांवरच पारखले जातात. पूर्वी या बांधाला एकच शिखर मानीत. १९६० च्या दशकातल्या प्रयोगांनी ती समजूत मोडीत काढली आणि दोन शिखरांची कल्पना पुढे आली. थोरियमची मोजमापे तीतही नीट बसेनात, म्हणून १९७० च्या दशकात तिसरे शिखर सुचवले गेले. त्याचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. ज्या थोरियमवर आपण अणुऊर्जेच्या तिसऱ्या टप्प्याची भिस्त ठेवली आहे, त्याची ओळख उसन्या आकड्यांवरून करून घेणे बरे नव्हे.

माझी सूचना साधी आहे. फुटलेल्या केंद्राचे तुकडे लेक्सान नावाच्या प्लास्टिकच्या पट्टीत ओरखडे उमटवतात. पट्टी कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली, की ते ओरखडे मोठे होतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. थोरियम आणि यंत्र कायद्याच्या कुंपणात खारघरलाच राहू द्यावे; पट्ट्या तेवढ्या नागपूरला याव्यात. मोजणी आपल्या कॉलेजांतली मुले करतील. दोघांची मोजणी जुळणार नाही, मग चूक शोधावी लागेल. शिवाय या किरणांत लहानमोठ्या सगळ्या ऊर्जांची सरमिसळ असते. त्यातल्या कोणत्या ऊर्जेने किती केंद्रे फोडली, हे उकलायला गणित लागेल. फळ्यावरचे समीकरण तेथे पहिल्यांदा कामाला येईल.

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन नागपूर विद्यापीठाच्या यजमानपदाखाली झाले. भाषणे झाली, मांडव उठले. अशा सोहळ्यांनंतर गावात काय उरते, हे विचारायला हवे. माझ्या लेखी, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओरखडे मोजणारी दहा मुले मागे उरली, तरी पुष्कळ झाले.