लाजेची किंमत

पुरुषाच्या जननेंद्रियाचा कर्करोग हा विषय घराच्या चार भिंतींतही कोणी काढीत नाही. सातारा-सांगलीकडील शेतकरी वा ऊसतोडणी कामगार तो डॉक्टरांपाशीही वेळेवर काढीत नाही, आणि अनर्थाचे मूळ तेथेच आहे.

ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असतो, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जगभरच्या अभ्यासांत शिश्नाच्या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांतही हाच विषाणू आढळला आहे. उरलेल्यांत शिश्नाग्रावरील त्वचा मागे न सरणे, त्यामुळे होणारा जुनाट दाह, अस्वच्छता व तंबाखू ही कारणे प्रमुख ठरतात. हा विषाणू सर्वत्र आढळणारा असून बहुतेकांचे शरीर त्याचा आपोआप निकाल लावते. तेव्हा त्याची बाधा हा दुर्वर्तनाचा पुरावा मानणे अन्यायाचे होय.

रुग्णाचे भवितव्य मात्र विषाणूपेक्षा विलंबावर अधिक अवलंबून असते. व्रण लहान असताना छोट्या शस्त्रक्रियेने अवयव वाचतो. जांघेतील ग्रंथी निरोगी असतील, तर बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. रोग त्या ग्रंथींत पसरला की ही आशा झपाट्याने मावळते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा विलंब अनाकलनीय नाही. आज बुडणारी मजुरी डोळ्यांना दिसते, वर्षानंतरची हानी दिसत नाही. त्यात लाजेची भर पडली की गावठी मलमावर महिने निघून जातात. मिरज, कऱ्हाड येथे कर्करोगावर उपचार होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्चही भागतो. परंतु गमावलेला काळ कोणतीही योजना भरून देऊ शकत नाही.

मग उपाय कोणता? तो शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सापडतो. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगितली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया त्यामुळे रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. यंत्रसामग्री नव्हे, तर अल्प खर्चाचा संवाद तेथे कामी आला. स्त्रियांच्या बाबतीत जे साधले, ते पुरुषांच्या बाबतीत का साधू नये?

या विषाणूवरील लस आपल्याकडे मुलींचीच समजली जाते. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून ती मुलग्यांनाही देण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे तो दिवस येईल तेव्हा येवो; तोपर्यंत शाळेतील आरोग्याच्या तासाला मुलग्यांना शरीराची स्वच्छता शिकविणे आणि न भरणारा व्रण दिसताच दवाखाना गाठण्यास सांगणे, एवढे तरी शिक्षकांच्या हाती आहे. त्याला अंदाजपत्रकातील तरतूद लागत नाही. संकोच तेवढा सोडावा लागतो.