रोपं लावलीत, मग परत का नाही आलात?

खाडीकाठाचा कारभार पाहणाऱ्या साहेबांनो,

दर २ जानेवारीला तुमच्यापैकी कोणी ना कोणी सिद्धगडला येतं. १९४३ साली स्वातंत्र्यलढ्यात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील जिथे पडले, तिथे फुलं वाहता आणि मुरबाडच्या रस्त्याला लागता. वाटेतल्या ओढ्यांवर कधी गाडी थांबवलीत का? हे पाणी काळू नदीत जातं. काळू टिटवाळ्यावरून पुढे उल्हास नदीला मिळते. ठाण्यापाशी उल्हासचे दोन फाटे होतात, एक वसईच्या खाडीचा, दुसरा ठाण्याच्या. खाडीला मिळणाऱ्या गोड्या पाण्यात आमच्या डोंगराचा वाटा आहे. तेव्हा सिद्धगडच्या माणसाला खाडीची उठाठेव कशाला, असं म्हणू नका.

शिवाय माझी आत्या खाडीकाठच्या काल्हेरला दिलेली. लहानपणी तिच्याकडे गेलो की ओहोटीला तिच्या मागे चिखलात उतरायचो. तिवराच्या मुळांची टोकं पायाला टोचायची, निवट्या टणाटण उड्या मारत पळायच्या. आत्या बिळात हात घालून चिंबोरी काढायची ती न बघता.

काही वर्षांपूर्वी त्याच काठावरच्या मोकळ्या चिखलात तुमच्या खात्याने तिवराची रोपं लावली. मंडप होता, फलक होता. दरवर्षी मोजणी करू, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावू, हा शब्द तुम्ही भर सभेत दिलात. आत्या पुढच्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या होत्या, साहेब.

दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा फलक तेवढा उभा होता. एका रोपाशी वाकून पाहिलं. बोटाएवढ्या खोडाला दुधाच्या पिशवीचा पीळ बसला होता. भरती आली की त्या पिशवीत पाणी भरतं आणि रोप आडवं होतं. ओहोटीला ते चिखलात तसंच पडून राहतं. मी पिशवी सोडवली, पण मूळ आधीच सुटलं होतं.

आत्या म्हणाली, "इथं तिवर कधी नव्हतंच रे. इथं पाणी फार वेळ उभं राहतं. विचारलं असतं तर जागा दाखवली असती."

का नाही विचारलंत? आणि त्या दोन वर्षांत मोजायला कोण आलं?

मोकळा दिसणारा चिखल ओसाड नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. रोहित पक्षी तिथेच चरतात. त्यांच्यासाठीच २०१५ साली तुम्ही ठाणे खाडीला अभयारण्य केलंत आणि २०२२ साली ती पाणथळींच्या रामसर यादीत गेली तेव्हा पेढे वाटलेत. मग तशाच चिखलावर काल्हेरला रोपांच्या रांगा कशासाठी? आकडा भरायला?

२००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या, म्हणजे तिवरांच्या जंगलाच्या, तोडीवर बंदी घातली. २०१२ साली तुम्ही त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष काढलात. आम्हाला वाटलं, आता खाडीला वाली मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी कांदळवनाची सुमारे २२ हजार झाडं तोडायची परवानगी मिळाली, तेव्हा पाचपट लावू म्हणालात. लावलेली जगतील किती, याचा अभ्यास कुठे आहे, हा प्रश्न कोर्टात विचारला गेला होता. तोच प्रश्न आत्याचा आहे. पुढे वर्सोवा-भाईंदर रस्त्याला कांदळवनाच्या ४५ हजारांहून जास्त झाडांचा हिशेब निघाला आणि भरपाईच्या जंगलासाठी जागा दाखवलीत ती चंद्रपुरात. चंद्रपूरच्या झाडाखाली काल्हेरची चिंबोरी बीळ करायला जाणार आहे का?

समुद्री गवताचं तर तुम्ही नावही काढत नाही. सिंधुदुर्गात, गोव्याच्या खाड्यांत पाण्याखाली ते बारीक गवत अजून तग धरून आहे. पाणी गढूळ झालं, ऊन तळापर्यंत पोचेनासं झालं, की ते मरतं. वरून काही दिसत नाही म्हणून ओरडही होत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर असंच गवत १९३० च्या दशकात रोगाने आणि वादळाने साफ गेलं होतं. तिथल्या माणसांनी वीस वर्षांत ७ कोटींवर बिया पेरल्या आणि वर्षामागून वर्ष जाऊन पाहिलं, कुठे धरलं, कुठे नाही. आज साडेतीन हजार हेक्टरांवर गवत उभं आहे. त्यांच्याकडे काही जादू नव्हती. ती माणसं परत परत गेली, एवढंच. तुम्हाला काल्हेर लांब पडलं का?

आणि पाण्याचं काय? शहापूरच्या भातसा धरणावर मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागते. आमच्या काळूवर धरण बांधायला वनखात्याच्या मंजुरीआधीच यंत्रं आणलीत, ते काम २०१२ साली कोर्टाने थांबवलं. चांगलं पाणी वरच अडवायचं आणि खाली कारखान्यांचं, गटारांचं सोडायचं, मग रोपं लावून फोटो काढायचे. हा कुठला न्याय? अडवताना खाडीला किती गोडं पाणी लागतं, हे कधी मोजलंत?

आत्या आता चिखलात उतरत नाही. गुडघे दुखतात म्हणते. मला माहीत आहे, बिळं रिकामी निघतात म्हणून ती उतरत नाही.

येत्या २ जानेवारीला सिद्धगडला याल तेव्हा हार आणू नका, मोजणीची वही आणा. कुठल्या खाडीत किती लावली, कुठल्या साली परत जाऊन पाहिली, त्यातली किती जिवंत आहेत, एवढं स्मारकापाशी उभं राहून वाचून दाखवा. मी आत्याला घेऊन येतो.