प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक ठरलेला नाही, म्हणून आनंद कशाचा?

१/ अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. चेंडू फेकायचा, सोपवायचा की स्वतः घेऊन धावायचे, हे प्रत्येक चालीत ठरवतो तो क्वार्टरबॅक. त्यामुळे ‘त्यांचा क्वार्टरबॅक अजून ठरलेला नाही’ ही वार्ता विरोधी गोटात पेढे वाटावेत अशा उत्साहाने पसरते. हा उत्साह इतिहासाच्या कसोटीवर टिकतो का? #धागा

२/ जानेवारी २०२४ मध्ये मिशिगनने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर प्रशिक्षक जिम हार्बो आणि क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी हे दोघेही व्यावसायिक फुटबॉलकडे गेले. ऑगस्ट उजाडला तरी वारस निश्चित नव्हता.

३/ अखेर पहिल्या सामन्यात डेव्हिस वॉरन उतरला. शाळकरी वयात रक्ताच्या कर्करोगाशी झुंजलेला, शिष्यवृत्तीविना संघात आलेला हा खेळाडू. तीन सामन्यांनंतर त्याच्या जागी ॲलेक्स ऑर्जी आला, पुढे जॅक टटल आणि मग पुन्हा वॉरन. संघ पाच सामने हरला. म्हणजे अनिश्चिततेची किंमत मोजावी लागतेच. ती नाकारण्यात अर्थ नाही.

४/ पण ३० नोव्हेंबर २०२४ रोजी हाच संघ कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटच्या मैदानावर, कोलंबस येथे उतरला. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. मिशिगन सुमारे वीस गुणांनी हरेल, असा सट्टेबाजांचा अंदाज होता.

५/ वॉरनच्या फेकींतून मिळाले अवघे ६२ यार्ड, आणि त्याचे दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी अडवून घेतले. तरीही निकाल लागला मिशिगन १३, ओहायो स्टेट १०! केलेल मलिंग्ज ११६ यार्ड धावला, बचावफळी अभेद्य राहिली, आणि ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल हुकले.

६/ हा अपवाद म्हणावा, तर २०१५ पाहा. त्या ऑगस्टमध्ये ओहायो स्टेटपुढे उलटा पेच होता: कार्डेल जोन्स आणि जे. टी. बॅरेट हे दोन सिद्ध क्वार्टरबॅक आणि जागा एकच. नोव्हेंबरमध्ये मिशिगन स्टेट त्यांच्याच मैदानावर आला, तोही आपला प्रमुख क्वार्टरबॅक कॉनर कुक जायबंदी असताना. दोन राखीव खेळाडूंच्या बळावर मिशिगन स्टेटने १७-१४ असा विजय मिळवला. ओहायो स्टेटचा त्या हंगामातील तो एकमेव पराभव.

७/ यातून काय घ्यावे? एका पुरुषाभोवती इतिहास गुंफण्याची सवय खेळातही दिशाभूल करते. राजा कोण, एवढेच विचारणारा अभ्यासक फौज, रसद आणि भूगोल विसरतो. क्वार्टरबॅक कोण, एवढेच विचारणारा चाहता बचावफळी, आक्रमणाची पहिली रांग आणि नोव्हेंबरची थंडी विसरतो.

८/ आणखी एक. ओहायो स्टेटने त्याच हंगामात, २० जानेवारी २०२५ रोजी, राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. देशात सर्वश्रेष्ठ ठरलेला संघ घरच्या मैदानावर हरला, तो ज्याच्या गोंधळाची सर्वांना खात्री होती अशा प्रतिस्पर्ध्याकडून.

९/ प्रतिस्पर्ध्याच्या घरातील गोंधळ ही त्याची अडचण असते. ती आपली तयारी नव्हे. ऑगस्टमध्ये हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तरी नोव्हेंबरमध्ये मान खाली घालण्याची वेळ कमी वेळा येईल.