भांडवल कमी आहे? मग ॲडमिरल नंदांच्या आठ बोटी बघा

मित्रांनो, आपल्या प्रत्येक व्हिडिओखाली एक कमेंट ठरलेली असते. "सर, आयडिया आहे, पण भांडवल नाही." त्यावर आज एका नौदल अधिकाऱ्याबद्दल लिहितोय. ॲडमिरल एस. एम. नंदा, 1970 ते 1973 या काळातले आपले नौदलप्रमुख.

त्यांचं नाव निघालं की लोक कराचीवरच्या हल्ल्याबद्दल बोलतात आणि 'काय धाडस!' म्हणून मोकळे होतात. मला विचाराल तर त्यात धाडसाइतकाच, किंबहुना जास्तच, हिशेब होता.

1971 च्या सुरुवातीला सोव्हिएत युनियनकडून आठ मिसाइल बोटी आल्या. छोट्या, वेगवान, पण मुळात किनारा राखण्यासाठी बनवलेल्या. मुंबईहून कराचीला जाऊन परत येतील एवढा त्यांचा पल्लाच नव्हता. तिथेच फाइल बंद करता आली असती, नाही का? पण झालं काय, की त्या उतरवायला लागणारी जड क्रेन मुंबईत नव्हती. म्हणून त्या कोलकात्याला उतरवल्या आणि समुद्रातून ओढत मुंबईला आणल्या. एवढं अंतर ओढून आणता येतात, तर शत्रूच्या दिशेने का नाही? नौदलाने तशा चाचण्या घेतल्या. याला जुगाड म्हणू नका. जुगाडात चाचणी नसते.

पुढचा हिशेब वेळेचा. पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावर हल्ला करणं जमत नव्हतं. म्हणून दिवसा लांब थांबायचं, अंधारात आत शिरायचं आणि उजाडायच्या आत निघायचं. पंतप्रधानांची परवानगी युद्धाआधीच घेऊन ठेवलेली. 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी गेल्या, सोबतीला दोन मोठी जहाजं. खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली. आपला एकही माणूस गेला नाही.

आणि मार्केटची माहिती म्हणाल, तर नंदांचं लहानपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा बेटावर गेलेलं. नौदलात येण्याआधी तिथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीही केलेली. पुढे साठच्या दशकात त्यांनी मुंबईची माझगाव डॉक चालवली. जहाज लढवणारा माणूस जहाज बांधण्याचा खर्चही जाणत होता!

पण आता ती बाजू, जी मोटिव्हेशनवाले सांगत नाहीत. पाच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कराचीत जिंकणारं हेच नौदल पाणबुडी शोधण्यात कमी पडलं. एका ऑर्डरमध्ये भरपूर नफा झाला म्हणून उधारीची वसुली आपोआप सुधारत नाही, तसंच हे.

तर यावेळी कमेंटमध्ये भांडवलाचा आकडा नको. दोन रकाने करा. पहिल्यात आज हाताशी जे आहे ते: शिलाई मशीन, घरची गच्ची, ओळखीचे चार दुकानदार. दुसऱ्यात, धंदा कुठून बुडू शकतो ते. दुसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांशी पुढच्या लाइव्हमध्ये आधी बोलेन.